दुपारचा घण

आमच्या मालकांनी उपास धरला त्यो भावजयीवर. कुणी आजाऱ्यासाठी धरतं, कुणी पाण्यापावसासाठी धरतं. आमच्या घरात माणसावर उपास धरला. आता आठवलं की हसू येतं, पर तवा हसाय आलं न्हाई, खोटं कशाला बोलू.

त्र्याहत्तर सालातली गोष्ट. आटपाडीच्या उगवतीला आमची वाडी. लागोपाठ पावसानं पाठ फिरवल्याली, विहिरीच्या तळाला बेडकं सुकून पडल्याली. जनावरं विकली न्हाई तर मेली. मंग सरकारनं माळावर खडीचं काम काढलं आन् सारी वाडी तिथं जाऊन बसली. पाटलाची सून बी हातोडी घेऊन बसली, तिथं आमची काय कथा!

मालकांचं नाव शमुवेल. आमी ख्रिस्ती माणसं, माझ्या आजेसासऱ्यापास्नं. वाडीत आमची सात घरं आन् एक मातीच्या भितीचं, पत्र्याचं देऊळ. पाळकसाहेब म्हसवडास्नं महिन्यातनं एकदा सायकलवर यायचं. बाकीच्या रविवारी उपासना मालक चालवायचं. त्यास्नी वाचाय येत हुतं, आवाज खणखणीत हुता, आन् प्रार्थना लांब. लय लांब. चुलीवरलं कालवण निवून जायाचं तरी आमेन येत न्हवतं. पर माणूस खरा हुता. दारू न्हाई, शिवी न्हाई, कुणाच्या काडीला हात न्हाई. सारी मंडळी त्यास्नी आबा म्हणायची.

मनुबाई माझी धाकटी जाऊ. दीर दाविद विहिरीवर काम करताना दरडीखाली गेला, तवा तिच्या पदरात येक पोर, इस्तेर. आमच्या आन् तिच्या घरात येकच भित. तिकडं कुणी खोकलं तर हिकडं कळायचं.

आदल्या साली नाताळाच्या आधी इस्तेरला गोवर निघाला. सा वर्साचं पोर, अंग नुसतं तव्यागत तापल्यालं. रविवार हुता, दिस मावळाय आल्याला, ओसरीवर मंडळी प्रार्थनेला जमल्याली. मनुबाई पोर खांद्यावर टाकून आली.

"आबा, सायकल काढा. हिला आटपाडीला दवाखान्यात न्या. डोळं फिरवतीया."

मालक उठलं. पोराच्या डोस्क्यावर हात ठेवला आन् प्रार्थना केली. मनापास्नं केली, त्यांच्या डोळ्यांतनं पाणी आल्यालं म्या बघितलंय. मंग म्हणालं, "आता इश्वास धर. घरी घिऊन जा. सकाळी बघू."

मनुबाई वाईच हुबी ऱ्हायली. तिनं सायकलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्या चुलीकडं बघितलं. मंग ती गेली.

ती घरी गेली न्हाई. वढ्याच्या पल्याड बिरोबाचं देऊळ, तिथं पुजारी नाथाजी दिवा लावत हुता. त्यानं पोराच्या कपाळाला भंडारा लावला, आपली घोंगडी अंगावर टाकली, आन् घोडं सोडून दोघींस्नी घिऊन आटपाडीला गेला. डॉक्टरनं सुई दिली, ठिवून घेतलं. चौथ्या दिशी पोर परत आलं तवा कपाळावर भंडाऱ्याची पिवळी खूण तशीच हुती. ती खूण साऱ्या मंडळीनं बघितली. घोडं कुणी बघितलं न्हाई.

मालकांनी सांगितलं, मनुबाईनं मंडळीम्होरं हुबं ऱ्हावं आन् चुकले म्हणावं. तवर तिला प्रभुभोजन न्हाई, आन् देवळात तिनं दाराभायेर बसायचं, पायताणांपाशी.

मनुबाईनं ऐकून घेतलं. मंग म्हणाली, "पोर मरत हुतं. ज्येनं दार उघडलं त्येच्या दारात गेले. ह्यात माझं काय चुकलं त्ये आदी सांगा, मंग म्हणते."

झालं! त्या दिसापास्नं बोलणं बंद. पाणी बंद, चुलीचा इस्तू द्यायचं-घ्यायचं बंद. मी मोठी जाऊ, मला तरी बोलाय काय झालं हुतं? पर मी बी बोलले न्हाई. मालकांची बायकू म्हणून देवळात म्होरं बसाय मिळायचं, त्येची बी येक गोडी असती बाबा.

खडीच्या कामावर मात्र गंमत झाली. कारकुनानं टोळ्या पाडल्या त्या आडनावावर. शमुवेल, रुताबाई म्हंजी मी, आन् मनुबाई, तिघांची येक टोळी, तिघांची येक रास, तिघांचं येक माप. मालक म्हणालं, "सायेब, ह्या बाईचं येगळं करा." कारकून मान वर न करता म्हणाला, "घरातली भांडणं घरात. पुढं व्हा."

तसं आमी तिघं येका राशीला बसलो. मालक घणानं थोरलं धोंडं फोडायचं, आमी दोघी बाया हातोडीनं त्येची खडी करायचो. बोटास्नी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधल्याल्या, तरी नखं काळी पडायची. मनुबाई आमच्याकडं पाठ करून बसायची, डोस्क्यावरनं पदर खाली वढून. थोरल्या दिराम्होरं बाईनं पदर घ्यावाच लागतो. त्यामुळं त्यो मान हुता का राग हुता, बघणाऱ्याला कळायचं न्हाई. मला कळायचं.

शिमग्याच्या आधी आमच्यात चाळीस दिसांचं उपास लागतात, प्रभूच्या मरणाची आठवण म्हणून. बहुतेक माणसं शुक्कारचा धरतात. मालकांनी त्या साली चाळीसच्या चाळीस धरलं. दिवसभर नुसतं पाणी, दिस बुडाल्यावर येक भाकरी. आन् रोज पहाटं हुबं ऱ्हाऊन मोठ्यानं प्रार्थना, "देवा, मनुबाईचं मन मोड. तिला शरण आण."

भितीपल्याड ऐकाय जावं येवढ्या मोठ्यानं. देवाला बहिरं समजत हुतं का काय, कोण जाणं.

आमच्यात येक रीत हाय. बाईनं पीठ मळाय घेताना पयली मूठ देवाच्या मडक्यात टाकायची. आन् उपास धरला की त्या येळंला जेवढं खाल्लं आसतं तेवढं पीठ मडक्यात. पुनरुत्थानाच्या रविवारी सगळ्यांची मडकी देवळात म्होरं ठेवायची, त्येचा लिलाव व्हायाचा आन् देवळाचं काय आसंल ते काम व्हायाचं. त्या साली मालकांच्या मनात घंटा हुती. पितळी घंटा, वढ्याच्या पल्याड आवाज जाईल आसली.

मी रोज सकाळी मालकांच्या भाकरीचं पीठ मडक्यात टाकायची. मिलूचं, दुष्काळात सरकारनं वाटल्याल्या परदेशी ज्वारीचं लाल पीठ, पर पीठच की! आन् तवाच भितीपल्याड इस्तेर म्हणायची, "आये, आजून वाईच दे की गं." मनुबाई म्हणायची, "आजून दुपारी." मला त्ये रोज ऐकू यायचं. रोज ऐकायची आन् रोज पीठ टाकायची. मडक्यावर फडकं बांधायची, उंदरं लागू नयेत म्हणून.

पयला आठवडा मालकांनी घण मारला. दुसऱ्या आठवड्यात त्यांचं हात कापाय लागलं. ऊन आसं की धोंड्यावर हात ठेवला तर चटका बसायचा. घण डोस्क्यावर जायचा आन् तिथंच डळमळायचा. दुपारच्या सुट्टीत सारी माणसं भाकरी सोडायची, तवा मालक टेकाडाच्या पल्याड लिंबाखाली जाऊन गुडघ्यावर बसायचं. सुट्टी संपली तरी यायचं न्हाईत. मुकादम बिराप्पा धनगर, तोंडाचा फटकळ पर आतनं मऊ. मला म्हणायचा, "रुताबाई, तुझा म्हातारा तिकडं सरगाला शिडी लावतोय, हिकडं धोंडं कोण फोडणार?"

शनवारी माप झालं. आमची रास मापाच्या खोक्यात भरली तर कमी पडली. लय कमी. कारकुनानं नावाम्होरं रेघ मारली आन् तिघांचीबी मजुरी कापली. मालक म्हणालं, "परीक्षा हाय." मनुबाई उण्या खोक्याकडं बघत हुबी ऱ्हायली.

सोमवारी दुपारी मालक टेकाडापल्याड गेलं. मी भाकरी सोडली. बघते तर मनुबाई उठली, पदर कमरंला खोचला आन् मालकांचा घण उचलला.

माझ्या हातातला घास हातातच ऱ्हायला. बाईमाणसानं घण मारल्याला आमच्याकडं कुणी बघितला न्हवता. पयला घाव धोंड्याच्या कडंला बसला आन् घण निसटून तिच्या पायापाशी पडला. तिनं परत उचलला. दोन्ही पाय फाकवून हुबी ऱ्हायली आन् दाविद मारायचा तसा मारला. धोंडा फुटला न्हाई. तिसऱ्या घावाला चीर गेली. चौथ्याला दोन भकलं झाली.

तीन म्हयन्यांनी मी तिच्याशी बोलले. "आगं, पोटात काय बिघाड हुईल. ठिव खाली."

"माप कोण भरंल मंग?"

"त्यास्नी सांग की, उपास सोडा म्हणावं."

"त्यो उपास माझ्यावर हाय अक्का. मी सोड म्हणू? मंग ते म्हणतील, बघा, मन मोडलं." तिनं घाम पुसला. "आन् तुमी सांगशीला तर बगा. उपासानं मरतील, पर हे कळलं तर आदीच मरतील. मला कुणाच्या देवाचं काय करायचं न्हाई, मला माझ्या पोराची भाकरी करायचीया. शनवारी खोकं भरलं पायजे."

आसं रोज चाललं. बाकीच्या टोळ्या बघायच्या, पर मनुबाईचं तोंड बघून कुणी बोलायचं न्हाई. सुट्टी संपंपतूर ती चार-पाच धोंडं फोडायची, घण हुता तिथं ठेवायची, आन् पदर वढून पाठ करून बसायची. मालक येऊन फुटल्याली भकलं बघायचं. त्यास्नी वाटायचं, सकाळी आपुनच फोडल्याली. उपाशी माणसाला सकाळचं दुपारी कुठं ध्यानात ऱ्हातंय? शनवारी खोकं शिगोशिग भरलं.

रविवारी मालकांनी मंडळीम्होरं साक्ष दिली. वाचनाच्या पुलपिटाच्या दोन्ही कडा धरून हुबं ऱ्हायलं, गाल आत गेल्यालं, डोळं मात्र लखलख करत हुतं.

"मंडळी, मी उपाशी हाय. तरी माझ्या हातानं खोकं भरलं. धडधाकट टोळ्यांचं भरलं न्हाई, माझं भरलं! हे बळ कुणाचं? माझं न्हवं. प्रभूचं बळ हाय हे!"

सारी मंडळी आमेन म्हणाली. मी खाली मान घातली. जराशानं दाराकडं बघितलं तर पायताणांपाशी बसल्याल्या मनुबाईचं खांदं हलत हुतं. मला वाटलं रडतीया. नीट बघितलं तर पदराचा बोळा तोंडात कोंबून ती हसत हुती. तिच्या हाताला फोड आल्यालं, फुटल्यालं, आन् बया हसत हुती!

मी सांगायला पायजे हुतं. रोज वाटायचं, आज सांगते. पर मालकांचं तोंड बघितलं की जीभ टाळ्याला चिकटायची. आन् आणखीन येक, मापाचं मला बी मिळतच हुतं की.

पुनरुत्थानाच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी पाळकसाहेब आलं. शांत माणूस, बोलण्याआधी चष्मा पुसायची सवय. उपासनेनंतर आमच्या ओसरीवर बसलं. मालकांकडं बघत ऱ्हायलं.

"शमुवेल, तू आरशात पाहिलंस का रे? उपास करणाऱ्यानं तोंड धुवावं, डोक्याला तेल लावावं. लोकांना कळू नये, असं प्रभूनं सांगितलंय."

"दुष्काळात त्याल कुठनं आणू पाळकसायेब?"

पाळकसाहेब हसलं. "तेही खरंच. बरं, तुझ्या उपासाचा घास कुणाला मिळतो?"

"देवाला. मडक्यात हाय."

"हं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "देव ज्वारी खात नाही, शमुवेल."

तेवढ्यात भितीपल्याड इस्तेर खोकली. पाळकसाहेबांनी भितीकडं बघितलं, मंग माझ्याकडं. काय इचारतील म्हणून मी पटकन उठले आन् पाणी आणाय गेले. ते ऊन उतरल्यावर सायकलीवर बसून गेलं. मालक म्हणालं, शिकल्याल्या माणसास्नी उपास झेपत न्हाई, म्हणून बोलत्यात आसं.

मंगळवारी सकाळी हजेरीला बिराप्पा मालकांस्नी म्हणाला, "आबा, ऱ्हाऊ द्या की आता. वाळून काटकी झालाय. उद्या तुमास्नी काय झालं तर पंचनामा माझ्या बोकांडी."

मालक सगळ्या टोळ्यांम्होरं म्हणालं, "बिराप्पा, तुला कळायचं न्हाई ते. हात माझं हायती, घण माझा देव मारतोय."

बिराप्पानं तंबाकू मळता मळता वर बघितलं. "व्हय? मंग तुमचा देव दुपारचा लुगडं नेसून येतोय व्हय आबा?"

सगळी माणसं फसकन हसली. हजेरीचा पोरगा हसला, पाटलाची सून हसली. मालकांस्नी कळलं न्हाई. ते हिकडं बघत, तिकडं बघत, आन् हसणं थांबंना. मनुबाई तेवढी हसली न्हाई. ती बिराप्पाकडं बघून म्हणाली, "दादा, तुमी तुमची तंबाकू खावा."

त्या दिसभर मालक फुटल्याल्या भकलांकडं बघत ऱ्हायलं. दुसऱ्या दिशी दुपारी ते टेकाडाकडं गेलं, पर पल्याड गेलं न्हाईत. खडीच्या मोठ्या राशीमागं थांबलं. मला त्यांच्या टोपीचा शेंडा दिसत हुता. मनुबाईची तिकडं पाठ हुती.

तिनं घण उचलला. त्या दिशी धोंडा काळा, चिवट हुता. सात-आठ घाव घातलं तरी ठिणग्याच उडायच्या. दर घावाला तिच्या तोंडातनं हुं निघायचं. मंग तिनं घण सोडला, धोंड्यावर हात टेकून वाकली आन् वकली. नुसतं पाणी पडलं. पोटात काय आसंल तर पडंल! सकाळची तिची भाकरी इस्तेरच्या फडक्यात गेल्याली, म्या बघितलं हुतं. तिनं तोंड पुसलं, माझ्या तांब्यातलं पाणी न इचारता घेतलं, आन् परत घण उचलला. दोन घावांत धोंडा फुटला.

मी राशीकडं बघितलं. टोपी दिसंना.

त्या सांजंला दिस बुडाला. मी मालकांम्होरं भाकरी ठेवली. त्यांनी ताट सरकवलं.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"तिसऱ्या आठवड्यापास्नं."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

मला आसा राग आला! इतक्या दिसांचा, इतक्या वर्सांचा. "कवा सांगू? तुमी येक तर प्रार्थनेत, न्हाई तर उपासात! सांगणाऱ्याला कवा मोकळं हुता तुमी? त्या दिशी पोर घिऊन दारात आली तवा तरी तिचं ऐकलं का? सायकल तिथं हुती, भितीला टेकल्याली. प्रार्थना करून सायकल काढली आसती तर देवानं नको म्हटलं आसतं का?"

बोलले आन् माझी मीच भ्याले. पर मालक रागावलं न्हाईत. भितीला पाठ लावून बसलं. मंग म्हणालं, "घण लय जड हाय गं त्यो."

"व्हय. जड हाय."

"बाईनं उचलायचा न्हवं."

त्या दिशी त्यांनी खाल्लं न्हाई, बेस्तरवारी बी खाल्लं न्हाई. पर पहाटंची प्रार्थना बी केली न्हाई. कामावर दुपारी टेकाडाकडं गेलं न्हाईत, घण मांडीवर घिऊन राशीपाशीच बसलं. मनुबाईनं आडून बघितलं. हातोडीचा आवाज तेवढा चालला.

शुक्कारी प्रभूच्या मरणाची उपासना. बारा ते तीन. पत्रा तापल्याला, आत सारी मंडळी घामानं निथळत हुती. मनुबाई दाराभायेर, इस्तेर तिच्या मांडीवर झोपल्याली. सगळ्यांस्नी ठावं हुतं, आज आबा तिला हुबं करणार. चाळीस दिसांचा निकाल आज. बाया मान वळवून वळवून दाराकडं बघत हुत्या.

शेवटलं गीत झालं. मालक पुलपिटावर हुबं ऱ्हायलं. कडा धरल्या, सोडल्या. मंग खाली उतरलं आन् मंडळीमधनं चालत दाराकडं निघालं. वाटंत बसल्याल्या भाऊसोच्या खांद्याचा येकदा आधार घेतला. उंबरा वलांडला आन् पायताणांत जाऊन बसलं. मनुबाईनं पदर वढला आन् झटक्यानं सरकली.

मालक तिथनंच बोललं. खणखणीत आवाज कुठं गेला हुता कुणास ठावं, म्होरल्या माणसांस्नी उठून ऐकाय लागलं.

"मंडळी, म्या तुमास्नी साक्ष दिली ती खोटी. खोकं माझ्या हातानं भरलं न्हाई. म्या जेवलो न्हाई, त्येचा भार मनुबाईनं उचलला. म्या तिकडं प्रार्थना करायचो, तिचं मन मोड म्हणून, आन् तवा ती हिकडं माझं धोंडं फोडायची. उपाशी पोटी. माझ्या उपासाचं सगळ्यांस्नी कौतुक, तिच्या उपासाला नाव बी न्हाई." त्यांनी झोपल्याल्या इस्तेरकडं बघितलं. "ती पोर घिऊन माझ्या दारात आल्याली. मला देवाचं नाव घेता आलं, सायकल काढता आली न्हाई. चुकलं आसंल तर ते माझं. हुबं ऱ्हायाचं तर मीच ऱ्हातो, पर आता पायात बळ न्हाई."

बायाबापड्यांनी डोळं पुसलं, भाऊसोनं खाकरल्यागत केलं. माझं तर नाकाडोळ्यांतनं पाणी वाहत हुतं, लाज वाटली न्हाई.

मनुबाई खाली बघत हुती. साऱ्यांस्नी वाटलं, ती बी कायतरी बोलंल, पाया पडंल, रडंल. तिनं पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"आबा, वाईच आत सरका," ती म्हणाली. "तिथं ऊन हाय."

त्या दिशी दिस बुडायच्या आधी मालक म्हणालं, "मडकं घे."

मी फडकं सोडून दाखवलं. पीठ गळ्यापतूर आल्यालं. घंटेचं पीठ. मालकांनी हात घातला, मूठभर घेतलं, परत सोडलं. मंग मडकं त्यांनीच उचललं. मी म्हणाले, मी घेते, तर नको म्हणालं. दहा पावलांवर घर, पर दोनदा थांबलं.

मनुबाई चुलीपाशी बसल्याली. चुलीत जाळ न्हवता. इस्तेर भितीला टेकून खडं मोजत हुती. मालकांनी मडकं उंबऱ्याच्या आत ठेवलं आन् भायेरच हुबं ऱ्हायलं.

"हे काय?"

"पीठ हाय. इस्तेरचं हाय. माझ्याकडं आजवर चुकून ऱ्हायलं."

मनुबाईनं मडक्यात डोकावलं. मंग माझ्याकडं बघितलं. "अक्का, लय दिसांनी सुचलं गं तुमास्नी."

"व्हय बाई," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? "भितीतनं सगळं ऐकू येत हुतं."

"मला बी यायचं. पहाटंपास्नं." ती मालकांस्नी म्हणाली, "आबा, भंडाऱ्याचं मी आजून चुकले म्हणणार न्हाई. आदीच सांगते. न्हाई तर मडकं घिऊन जावा."

"म्या इचाराय आलो न्हाई." मालक उंबऱ्यावर बसलं. "मला येक भाकरी दे, मनु. तुझ्या हातची."

"उपास हाय न्हवं तुमचा? आजून दोन दिस हायती की."

"त्योच सोडाय आलोय."

मी आमच्या चुलीतला इस्तू आणला. चार म्हयन्यांनी आमचा इस्तू त्या चुलीत गेला. तिनं परातीत पीठ घेतलं. सवयीनं पयली मूठ बाजूला काढली, देवाची म्हणून, वाईच थांबली, आन् ती बी परातीतच टाकली. फोड आल्याल्या हातांनी तिला मळाय येईना, तळवं उचलून नुसत्या बोटांनी मळत हुती. मी म्हणाले, सर बाजूला, मी थापते. तर म्हणाली, "नगं. त्यांनी माझ्या हातची मागितलीया."

पयली भाकरी इस्तेरला दिली. पोरानं चटकं बसत आसताना मोडली आन् तोंडात कोंबली. दुसरी मालकांम्होरं. जरमनच्या ताटलीत, वर मीठ आन् मिरचीचा खुडा.

मालकांनी ताटली मांडीवर घेतली. सवयीनं डोळं मिटलं, दोन्ही हात वर केलं. मला वाटलं, झालं, आता निवणार ही बी. त्यांचं ओठ हललं. शब्द फुटंना. हात तसंच वर, आन् मिटल्याल्या डोळ्यांतनं पाणी दाढीत उतरत हुतं.

"आबा," मनुबाई तवा पुसत म्हणाली, "भाकरी निवतीया. खावा आदी."

मालकांनी हात खाली घेतलं आन् घास मोडला. आमचा पन्नास वर्सांचा संसार झाला. प्रार्थना न करता त्यांनी घास घेतल्याला म्या बघितला त्यो तेवढा येकदाच.